संगणक शंका-समाधान : दुपारी बंद पडणारा ‘सीपीयू’

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट आहे. ऑफिसातला कॉम्प्युटर सकाळी नीट चालतो, पण एप्रिल-मेमध्ये दुपारी आपोआप बंद पडतो. दुकानदार म्हणतो, सीपीयू बदला. बदलावा का?

इतक्यात नको. टेबलाखालच्या अख्ख्या डब्याला आपण सीपीयू म्हणतो, पण ते कॅबिनेट. सीपीयू म्हणजे आत मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डवर, बसवलेली चौकोनी चिप (प्रोसेसर), आणि ती सहसा बिघडत नाही. तापली की आधी स्वतःचा वेग कमी करते, तरी भागलं नाही तर जळू नये म्हणून मशीन बंद होतं. तुमचं तेच होत असणार.

लूमच्या आसपास सुताची बारीक रुई हवेत असते. पंखा ती ओढून घेतो आणि पंख्याखालच्या हीट सिंकच्या (चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांवर तिचा नमद्यासारखा थर बसतो. वरून ब्रश फिरवला तर पंखा स्वच्छ दिसतो, थर मात्र खाली तसाच. मशीन बंद करून वायर काढा, पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, बाजूचा पत्रा उघडा. पंखा हीट सिंकवरून वेगळा निघत असेल तर काढा आणि थर चिमट्याने उचला. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. हीट सिंकच उचलावा लागला, तर चिप आणि हीट सिंकमधली जुनी थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) पुसून वाटाण्याएवढी नवी लावल्याशिवाय परत बसवू नका. एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा, डबा मात्र उघडायचा नाही. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो.

एवढं करूनही बंद पडला, तर संशय एसएमपीएसवर. प्रोसेसरचा नंबर सगळ्यात शेवटी.

मेमरी 1 टीबी आहे, तरी कॉम्प्युटर हळू का? (जुळे सोलापूर)

1 टीबी ही साठवणुकीची जागा, म्हणजे हार्ड डिस्क. वेगाचा संबंध रॅमशी (चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी) आणि डिस्कच्या प्रकाराशी. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा, परफॉर्मन्समध्ये जा. तिथे मेमरी, म्हणजे रॅम, 4 जीबी असेल आणि चार टॅब उघडताच 90 टक्के भरत असेल, तर 8 जीबी करा. त्याच पानावर रॅमचे किती स्लॉट वापरात आहेत तेही दिसतं. प्रकार डीडीआर3 की डीडीआर4 हे पाहूनच रॅम घ्या, दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते. मेमरी मोकळी, पण डिस्क सारखी 100 टक्के आणि प्रकार एचडीडी (हार्ड डिस्क) लिहिला असेल, तर विंडोज एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर, घ्या. जुन्या मशीनला सर्वांत जास्त फरक यानेच पडतो. जुनी डिस्क फोटो-फायलींसाठी राहू द्या.

फॉरमॅट केल्यापासून जुन्या मराठी पत्रांत इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. फायली खराब झाल्या का? (नवी पेठ)

नाही. ही पत्रं युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत (युनिकोड म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा कोड देणारी पद्धत). फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉरमॅटमध्ये फॉन्ट गेला, रूपही गेलं. ज्या मशीनवर पत्र नीट दिसतं तिथे फॉन्टचं नाव बघा, ती फॉन्ट फाइल तुमच्याकडे आणून राइट क्लिक करून इन्स्टॉल करा. मंगल फॉन्ट लावून उपयोग नाही, कारण तो युनिकोडचा आहे. नवीन पत्रं मात्र युनिकोडमध्येच करा: सेटिंग्जमध्ये मराठी भाषा जोडा, विंडोज आणि स्पेस दाबून कीबोर्ड बदला. ती मोबाइलवरही वाचता येतात.

रोज सकाळी तारीख मागे गेलेली असते. (विजापूर रोड)

मदरबोर्डवरचा सेल उतरलाय. सीआर2032 नंबरचा हा सेल बहुतेक घड्याळाच्या दुकानातही मिळतो. मशीनची वायर काढून, अधिकची खूण वर ठेवून बसवा, मग बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये) तारीख-वेळ लावा. चुकीच्या तारखेमुळे ब्राउझर बँकेच्या साइटवर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणत असेल, तर तेही थांबेल.