उन्हाळा सरत असताना डोंगरात सुट्टीला गेलो तर तिथून घरच्यांना हाताने पत्र कसं लिहावं? काय लिहावं?

पत्र पहिल्या दोन-तीन दिवसांतच लिहून टाका. डोंगरातल्या लहान वस्तीतून टपाल रोज निघेलच असं नाही. पेटीवर टपाल काढण्याचे वार आणि वेळ लिहिलेली असेल तर ती आधी बघून घ्या. शेवटच्या दिवशी टाकलेलं पत्र बहुधा तुमच्या मागून घरी पोचतं.

मजकूरही यावरूनच ठरतो. कुठल्या वाटेने जाणार, परत कधी येणार हे फोनवरच सांगायचं, पत्रात नाही. ‘उद्या अवघड चढ आहे’ हे वाक्य आठवड्याने आईच्या हातात पडलं, तर तिला उगाच घोर लागतो. पत्रात लिहायचं ते होऊन गेलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं.

‘इथला निसर्ग फार सुंदर आहे’ हे कुठूनही लिहिता येतं. त्यापेक्षा एकच जागा घ्या आणि ती नीट दाखवा. या दिवसांत सांगण्यासारखं खूप असतं. बर्फाचे पट्टे वर्षभरातले सगळ्यात आक्रसलेले असतात. हिमनदीतून येणारा ओढा सकाळी दगडांवर पाय देत ओलांडता येतो, पण उन्हाने वरचा बर्फ वितळला की दुपारनंतर तेच दगड पाण्याखाली जातात. पाणी दुधट दिसतं, कारण हिमनदीने दळलेल्या खडकाची पूड त्यात असते. उंचीही आकड्यात सांगा. दर 1,000 मीटरला हवा साधारण 6.5 अंशांनी थंड होते आणि 3,000 मीटरवर पाणी 90 अंशांच्या आसपासच उकळतं. भाचरांना अशी माहिती भारी आवडते. आजीसाठी मात्र अक्षर मोठं काढा, आणि प्रत्येकाला निदान एक तरी प्रश्न विचारा.

आता लेखणी. शाईचं पेन वर नेताना गळतं, कारण बाहेरचा दाब घटला की टाकीतली हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. म्हणून टाकी काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामी ठेवा, आणि चढताना निब वर असू द्या. जेल पेनची शाई बहुधा पाण्यात फुटते, गुळगुळीत पोस्टकार्डावर तर वाळेपर्यंत फासते. बॉलपेन पावसात टिकतं, पण थंडीत शाई घट्ट होऊन अडतं. ते आतल्या खिशात ठेवा. दमट कागदावर सगळ्यात भरवशाची 2बी पेन्सिल. पत्ता तेवढा बॉलपेनने लिहा.

डिंकाची पाकिटं आणि तिकिटं दमट हवेत आपोआप चिकटून बसतात. प्रत्येक झाकणाखाली कोऱ्या कागदाची पट्टी सरकवा आणि सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा. लिहायला सकाळ बरी, दुपारी डोंगरावर ढग जमतात.

10 × 15 सेंटिमीटरच्या कार्डावर मजकुराला डावा अर्धा भागच मिळतो, म्हणजे साठ-सत्तर शब्द. खालची दीड-दोन सेंटिमीटर पट्टी कोरी सोडा. बऱ्याच ठिकाणी टपालाची छाननी करणारं यंत्र तिथे बारकोड छापतं आणि त्याखाली तुमची शेवटची ओळ जाते. परदेशातून पाठवत असाल तर देशाचं नाव सगळ्यात खाली, वेगळ्या ओळीत, तिथल्या टपालखात्याला वाचता येईल अशा लिपीत लिहा. पिनकोड पाठ आहे असं वाटलं तरी निघण्यापूर्वी पत्ते कागदावर उतरवून घ्या. वर फोनची बॅटरी थंडीने लवकर उतरते.