‘गोया’चा गोव्याशी संबंध आहे का?

प्रश्न : गेल्या हिवाळ्यात मुलीकडे न्यू जर्सीला राहिलो असता तेथील किराणा दुकानात ‘गोया’ या नावाचे डबे फळीवर ओळीने मांडलेले दिसले. एका डब्यावर चक्क तुरीच्या हिरव्या दाण्यांचे चित्र होते. ही कंपनी गोव्याच्या कोणा माणसाची आहे काय, आणि तूर तिथे कशी पोहोचली?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : गोव्याशी या नावाचा काहीही संबंध नाही, ते स्पेनचे चित्रकार फ्रान्सिस्को गोया यांचे नाव आहे. कंपनी उनानुए कुटुंबाची आहे. प्रुदेन्सियो उनानुए हे मूळचे स्पेनचे. ते तरुणपणी पोर्तो रिको बेटावर गेले, तेथे स्पेनहूनच आलेल्या कारोलिना कासाल यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पुढे हे जोडपे न्यूयॉर्कला स्थायिक झाले. 1936 मध्ये मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाकडील ड्युएन स्ट्रीटवर त्यांनी दुकान थाटले आणि ऑलिव्ह, ऑलिव्ह तेल, सार्डिन मासळी असा स्पेनचा माल विकायला सुरुवात केली. त्याच वर्षी स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटल्याने तिकडचा पुरवठा खुंटला, तेव्हा सार्डिन मोरोक्कोहून मागवावी लागली. त्या सार्डिनच्या डब्यांवरचे ‘गोया’ हे नाव प्रुदेन्सियोंनी एका डॉलरला विकत घेतले, असे कंपनी सांगते. ‘उनानुए’ हे आडनाव अमेरिकी गिऱ्हाइकाच्या जिभेवर बसणे अवघडच होते, त्यामुळे हा सौदा स्वस्तात पडला असे म्हणायला हरकत नाही.

स्पॅनिश बोलणारे सगळे एकच जेवतात, असे या कंपनीने कधी मानले नाही, हे मला तिच्या यशाचे खरे कारण वाटते. दुसऱ्या महायुद्धानंतर पोर्तो रिकोतून लोक मोठ्या संख्येने न्यूयॉर्कला आले, त्यांच्या पाठोपाठ क्युबाचे आणि डोमिनिकन रिपब्लिकचे आले. क्युबाच्या घरात काळा घेवडा लागतो, पोर्तो रिकोच्या घरात गुलाबी, मेक्सिकोच्या घरात ठिपक्यांचा ‘पिंटो’. घेवड्याला एक जण ‘फ्रिहोलेस’ म्हणतो, तर दुसरा ‘हाबिचुएलास’. वऱ्हाडी माणसाला कोकणी मसाला देऊन ‘मराठीच आहे ना’ म्हटले तर तो जसा तोंड वाकडे करील, तसाच हा प्रकार. कंपनीच्या विक्रेत्यांनी ‘बोदेगा’ म्हणवल्या जाणाऱ्या कोपऱ्यावरच्या लहान दुकानांशी थेट संबंध ठेवला आणि ज्या वस्तीत जे खपते तेच तिथल्या फळीवर ठेवले.

कंपनी आजही कुटुंबाकडेच आहे, मात्र घरातले सगळेच गोडीगुलाबीचे नव्हते. प्रुदेन्सियोंचे पुत्र जोसेफ यांनी 1976 पासून जवळपास तीन दशके कारभार पाहिला, आणि 2004 मध्ये घरच्याच लोकांनी त्यांना पायउतार केले. त्यानंतर सूत्रे हाती घेतलेल्या रॉबर्ट उनानुए यांनी जुलै 2020 मध्ये व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांची स्तुती केली, तेव्हा ज्यांच्या स्वयंपाकघरावर ही कंपनी उभी राहिली त्यांच्यातल्याच अनेकांनी बहिष्काराची हाक दिली. ट्रम्प समर्थकांनी उलट जास्तीचे डबे खरेदी केले.

आता तुरीकडे वळू. तूर मूळची आपल्याच भूमीतली. ती येथून आफ्रिकेत गेली आणि गुलामांच्या व्यापाराबरोबर कॅरिबियन बेटांवर पोहोचली. पोर्तो रिकोत तिला ‘गान्दूलेस’ म्हणतात, आणि हे दाणे घालून केलेल्या भाताशिवाय तिथला नाताळ होत नाही. म्हणजे तुमच्याकडचा सोलेभातच म्हणा ना, फक्त गोड्या मसाल्याच्या जागी लसूण, कोथिंबिरीच्या वासाची ‘कुलान्त्रो’ नावाची पाने आणि रंगासाठी शेंद्रीचे बी. पुढच्या खेपेस मुलीकडे तो डबा उघडलात, तर दाणे आधीच शिजवलेले असतात आणि त्यातले पाणी खारट असते हे ध्यानात ठेवावे. ते पाणी भातात वापरायचे असल्यास वरून मीठ बेतानेच घालावे.