१५ मिमीच्या पॅन्झरसाठी पॅन्झर ग्रेचा नेमका शेड कोणता?

"नेमका" शब्द वाचला म्हणून लिहायला बसलो, नाहीतर असे प्रश्न मी सोडून देतो. टेबलावरच्या युद्धखेळात १९४१ चा रशिया खेळायचाय, जर्मन पॅन्झर ३ आणि ४ टँकची छोटी मॉडेल घेतलीत, आणि पॅन्झर ग्रेच्या, म्हणजे त्या टँकच्या गडद राखाडीच्या, आरएएल ७०२१ या रंग-क्रमांकाला जुळणारी रंगाची बाटली कुठली एवढंच तुम्ही विचारलंय. जुळणारी घेऊच नका. दोन-तीन पायऱ्या उजळ राखाडी घ्या, थोडी निळसर झाक असलेला.

मी ही चूक करून बसलोय. आमच्या ग्रुपात एक जण आहे, त्याला रंगाचं नाव सांगितलेलं चालत नाही, नंबर लागतो. त्याच्या नादी लागून मी दहा टँक, सात ३ आणि तीन ४, नंबराबरहुकूम रंगवले, वर काळा वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), तोही सगळीकडे फासून. दिव्याखाली हातात धरले तर काय देखणे दिसत होते! खेळाच्या दिवशी मॅटवर मांडले आणि दहाच्या दहा कोळशाचे खडे. ३ आणि ४ ओळखायची सोपी खूण म्हणजे चाकं, ३ ला एका बाजूला सहा, ४ ला आठ, पण काळ्या हलखाली (टँकच्या धडाखाली) काळी चाकं, मोजता काय कप्पाळ? तिसऱ्या टर्नला मी माझाच एक ४, जो पायदळाला मदत म्हणून मागे ठेवायचा, तो ३ समजून थेट रशियन टी-३४ टँकपुढे नेला आणि ३ च्या ५० मिमी तोफेचे फासे टाकले. समोरचा म्हणाला, अरे ही तर ४ ची आखूड ७५ मिमी तोफ ना? आणि आमचे नंबरवाले काय म्हणाले, तर "पण शेड करेक्ट आहे."

१५ मिमी म्हणजे साधारण १/१००. एक मीटरवरून मॉडेल बघणं म्हणजे खरा टँक शंभर मीटरवरून बघणं, आणि एवढ्या लांबून मधली हवा, धूळ, ऊन सगळं मिळून रंग फिका पाडतं. डब्यातला रंग तसाच छोट्या मॉडेलवर लावला की तो खऱ्यापेक्षा गडदच वाटणार. आणि नंबरवाल्यांनी फार ताठ राहू नये. १९३९ च्या पोलंडमधले पॅन्झर नुसते राखाडी होते असं कित्येक वर्षं छातीठोक सांगत होते, प्रत्यक्षात एक तृतीयांश भागावर गडद तपकिरी होता, कृष्णधवल फोटोत दोन्ही सारखेच काळे येतात म्हणून दिसला नाही इतकंच. नुसत्या राखाडीचा हुकूम जुलै १९४० चा.

मी नंतर तेच दहा टँक परत रंगवले. बेसकोटात फिका राखाडी मिसळला (पांढरा नको, खडूसारखं दिसतं), वॉश फक्त खाचांत आणि हॅचभोवती, कडांवर अगदी कोरड्या ब्रशने हलका हात, आणि चाकांवर धुळीचा मातकट रंग. खरी जादू या मातकट रंगानेच झाली, चाकं हलपासून सुटी दिसली. ट्रॅक चांदीचे करू नका, गडद तपकिरी द्या आणि जमिनीला घासणाऱ्या कडांनाच धातूची चमक. डीकल (चिकटवायची चिन्हं) लावण्याआधी ग्लॉस वॉर्निश, नाहीतर कडेने चंदेरी फिल्म दिसते.

हे सगळं टेबलावर खेळायच्या टँकचं झालं, कपाटात ठेवायला १/३५ करत असाल तर त्या नंबरवाल्याचंच ऐका, तिथे तो बरोबर आहे. आणि १९४३ कडे वळलात तर फेब्रुवारीपासून मूळ रंगच गडद पिवळा झाला, मग हा राखाडीचा वादच मिटला.

तो अजून माझ्या टँकना "निळे" म्हणून हिणवतो. त्याचे काळेच आहेत, फक्त ३ कुठला ४ कुठला कळावं म्हणून मॉडेलखालच्या बैठकीवर पिवळे ठिपके दिलेत. त्या पिवळ्याचा नंबर काय ते मी अजून विचारलेलं नाही.