विनाचालक गाडी कुणाकुणाला वापरता येईल? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : सासूबाईंना अर्धांगवायू झाला आहे, त्या व्हीलचेअरवर असतात. विनाचालक गाड्या आल्या तर तपासणीसाठी त्यांना एकट्यांना पाठवता येईल का? (एक वाचक, अंबाजोगाई)

आजच्या गाड्यांतून नाही. रस्त्यावर चालणं या गाड्यांना जमू लागलं आहे. अमेरिकेत फिनिक्समध्ये वेमो कंपनीच्या गाड्या २०२० पासून चालकाविना सर्वसामान्य प्रवाशांना नेत आहेत. अडतं ते दारापाशी. ड्रायव्हर स्टिअरिंग तर सांभाळतोच, पण खुर्चीही चढवतो, पट्टे आवळतो, दार लागलं का ते बघतो. ही कामं कोण करणार हे ठरल्याशिवाय ती गाडी सासूबाईंच्या उपयोगाची नाही.

आधी रॅम्पचं गणित बघा. गाडीचा तळ जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर धरला आणि इमारतींसाठीचा १:१२ उतार (एक सेंटिमीटर उंचीला बारा सेंटिमीटर लांबी) लावला, तर रॅम्प ३६० सेंटिमीटर लांब होतो. तो छोट्या गाडीत मावणार नाही. अमेरिकेत बसच्या रॅम्पसाठीच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत १:६ पर्यंत उतार चालतो, म्हणजे १८० सेंटिमीटर. १५ सेंटिमीटर उंचीच्या फुटपाथवर तो टेकवला तर ९० सेंटिमीटरच पुरतात. आपल्याकडे मात्र बहुतेक ठिकाणी फुटपाथ नाही, साइडपट्टी डांबराच्या खाली गेलेली असते, आणि पावसाळ्यात काळ्या मातीत रॅम्पचं टोक रुततं. त्यामुळे थांब्याची जागा नकाशात आधीच ठरवून ठेवावी लागेल. जमीन कडक हवी आणि दाराच्या बाजूला साडेतीन मीटर मोकळे हवेत. त्यातले १८० सेंटिमीटर रॅम्पचे, उरलेले खुर्ची वळवायला.

पट्ट्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. खुर्ची चार पट्ट्यांनी तळाला बांधतात आणि बसलेल्या माणसाला कमरेचा-खांद्याचा पट्टा वेगळा लावतात. चारही पट्टे खुर्चीच्या मुख्य सांगाड्यालाच अडकवायचे. चाकाला किंवा निघणाऱ्या पायदानाला अडकवले, तर जोराच्या ब्रेकला तो भाग निखळू शकतो. खुर्चीत बसलेल्या माणसाला हे स्वतः करणं जमत नाही. खुर्चीखाली पिन बसवून ती तळातल्या खाचेत आपोआप अडकवण्याची सोय आहे, पण पिन त्या खुर्चीला आधी बसवून घ्यावी लागते, आणि साध्या घडीच्या खुर्च्या सहसा त्या कामाच्या नसतात. हाताने पायडल मारायची तीनचाकी सायकल तर आत जाणारच नाही. म्हणून आमचं स्पष्ट मत आहे की रुग्णांच्या गाडीत चालक नसला तरी मदतनीस हवाच. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या कलम ४१ नं वाहतूक सुगम करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. मागणीचा अर्ज कराल तेव्हा या कलमाचा उल्लेख जरूर करा.

प्रश्न : आई तेलुगू बोलते, मराठी कामापुरती. वाचता येत नाही, फोन बटणांचा. तिला अशी गाडी बोलावता येईल? (एक वाचक, देगलूर)

ॲपऐवजी साध्या फोनवर बोलून गाडी मागवण्याची सोय केली, तर येईल. बटणांच्या फोनवरून पैसे देण्यासाठी यूपीआय १२३पे २०२२ पासून आहेच.

खरी कसोटी बोलणं समजण्याची. बातम्यांतल्या मराठीवर शिकवलेली यंत्रणा 'येऊलालो' ऐकून गोंधळते. एका वाक्यात मराठी, तेलुगू आणि दखनी आली की आणखी गोंधळते. आधी भाषा निवडायला लावू नये, पहिल्या वाक्यावरूनच ती ओळखावी आणि ऐकलेलं ठिकाण परत बोलून 'हो' घ्यावं. 'पावणेदहा', 'अडीचशे' हे शब्द चाचणीत असलेच पाहिजेत. पत्ता म्हणून लोक 'पाराजवळ, टाकीमागं' असंच सांगणार. टपाल खात्याचा २०२५ चा डिजिपिन साधारण ४ मीटर बाय ४ मीटरचा चौकोन दाखवतो, पण त्याची दहा अक्षरं आईनं पाठ करावीत ही अपेक्षा चुकीची आहे. घरातल्या कुणी तरी 'घर', 'दवाखाना', 'मोंढा' हे तिच्या नंबरवर एकदाच नोंदवून द्यावेत.

गाडीत 'थांब' आणि 'माणसाशी बोला' अशी दोन उठावाची, वेगळ्या आकाराची बटणं हवीत. कष्टानं घट्टे पडलेली कोरडी बोटं टचस्क्रीनला नीट कळत नाहीत. आणि दार चेहरा ओळखून उघडणारं नको. बुरखा किंवा डोक्यावरून पदर घेतलेल्या बाईला ते दाराबाहेरच ठेवील. चार आकडी नंबर बोलून दार उघडावं.

प्रश्न : कायद्यानं परवानगी आहे का? (रिक्षाचालक, लातूर)

चालकाविना प्रवासी वाहतुकीला नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम २ब नुसार केंद्र सरकार संशोधनापुरती सूट देऊ शकतं. रोजगार जातील म्हणून अशा गाड्या येऊ देणार नाही, असं नितीन गडकरी यांनी २०१७ आणि २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे. वर लिहिलेली मदतनिसाची कामं तुम्हाला आजच येतात, आणि त्या कामांचा मोबदला ठरायला हवा असं आम्हाला वाटतं.

प्रश्न : गाडीला उसाची बैलगाडी ओळखता येईल का? आम्हाला प्रकल्प करायचा आहे. (पॉलिटेक्निकचे विद्यार्थी, माजलगाव)

शिकवली तर येईल. ट्रिपलआयटी हैदराबादच्या इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट या रस्त्यावरच्या चित्रांच्या संग्रहात हैदराबाद-बंगळूर भागातली १०,००० चित्रं आणि त्यांत दिसणाऱ्या गोष्टींचे ३४ वर्ग आहेत. त्यात ऑटोरिक्षा आणि जनावरंही आहेत. उसाचा हंगाम मात्र तुम्हालाच टिपावा लागेल.

चुका कुठं होतात ते सांगतो. रडारला धातू ठळक दिसतो, बैल आणि ऊस फिके. शिकवताना चित्रातल्या प्रत्येक वस्तूभोवती चौकट आखतात; ती बैलगाडीच्या सांगाड्यापुरतीच आखली तर बाहेर लोंबणारा ऊस मोकळ्या जागेत गणला जातो. ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रॉल्यांमधली फट रिकामी वाटून गाडी तिथं घुसायला बघते. म्हणून बैल, गाडी आणि माल यांच्या खुणा वेगवेगळ्या करा आणि मालाची चौकट उसाच्या शेवटच्या टोकापर्यंत न्या. नोव्हेंबर ते मार्च चित्रं घ्या, त्यातली निम्मी तरी सांजवेळेची आणि रात्रीची हवीत. गाड्यांसोबत चालणारी मुलं आवर्जून टिपा. किंग्ज कॉलेज लंडनच्या २०२३ च्या अभ्यासात, पादचारी ओळखणाऱ्या आठ यंत्रणांची अचूकता मुलांच्या बाबतीत मोठ्यांपेक्षा जवळपास २० टक्क्यांनी कमी भरली. चेहरे पुसट करा आणि टोळीच्या मुकादमाच्या होकारावर न थांबता चित्रातल्या प्रत्येक कुटुंबाला विचारा.