‘होप’ नावाचा मळा नेमका कुठला? सेंट क्रॉयचे जुने नकाशे वाचताना

तुमचा प्रश्न असा आहे: जावयांचे पूर्वज कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉय बेटावर उसाच्या मळ्यात गुलाम होते, मळ्याचं नाव ‘होप’ एवढंच घरात सांगत आले आहेत, तर जुन्या नकाशांवरून तो मळा सापडेल का?

सापडू शकेल. फक्त नाव धरून निघू नका, नंबर धरा. मी जमीन मोजणीतला माणूस आहे आणि बरीच वर्षं या बेटाचे नकाशे एकमेकांशी ताडून बघतोय. नावाच्या मागे लागून मीही सुरुवातीला बरेच दिवस घालवले. सेंट क्रॉयवर अ‍ॅनाज होप आहे, बेटीज होप आहे, गुड होप आहे, होप अँड कार्टन हिल आहे. त्यात मळा विकला, वाटणी झाली किंवा शेजारच्याने घेतला की नाव बदलायचं. तुकड्याचा नंबर मात्र सहसा टिकायचा, आपल्याकडे शेताचं नाव काहीही असलं तरी सर्व्हे नंबर टिकतो तसाच.

हा नंबर आला कुठून? 1733 मध्ये डॅनिश, म्हणजे डेन्मार्कच्या, व्यापारी कंपनीने हे बेट फ्रेंचांकडून विकत घेतलं आणि मळे उभे राहण्याआधीच मोजणी करून त्याचे तुकडे पाडले. पूर्व-पश्चिम एक मधली रेषा धरली, बेटाचे नऊ भाग केले. त्यांना ‘क्वार्टर’ म्हणतात: किंग्ज, क्वीन्स, प्रिन्स, कंपनीज, वेस्ट एंड वगैरे. एक पुरा तुकडा 3000 बाय 2000 फूट, म्हणजे त्यांच्या हिशेबाने 150 एकर. ती मधली रेषा आजच्या सेंटरलाईन रोडच्या रूपाने अजून दिसते.

इथे एक खाचखळगा आहे, तो नीट समजून घ्या. हे फूट डॅनिश आहेत. डॅनिश फूट सुमारे 31.4 सेंटिमीटरचा, इंग्रजी फूट 30.48 सेंटिमीटरचा. 3000 फुटांच्या बाजूवर हा फरक जवळजवळ 27 मीटर होतो. एक तुकडा असेल तर चालून जाईल, पण पाच तुकडे ओळीने मोजत गेलात की हद्द 130 मीटरहून जास्त सरकते आणि शेजारच्या मळ्याचा चरक तुमच्या मळ्यात येऊन बसतो. त्यांचा एकरही 40,000 चौरस डॅनिश फुटांचा, इंग्रजी एकरापेक्षा थोडा लहान.

आता नकाशे. दोन पुरेत. पहिला येन्स मिकेल्सन बेकचा, 1754 सालचा. तुकड्यांची मूळ आखणी त्यात चांगली समजते. दुसरा पेटर लोथारियुस ओक्सहोल्मचा, 1794 मध्ये तयार झालेला आणि 1799 मध्ये छापलेला. हा लष्करी अधिकारी होता, लग्नामुळे स्वतःही मळेवाला झाला आणि पुढे कॅरिबियनमधल्या डॅनिश बेटांचा गव्हर्नर झाला. म्हणून त्याचा नकाशा मळेवाल्याच्या नजरेचा आहे हे वाचताना विसरू नका. ऊस गाळायची पवनचक्की कुठे, जनावरांनी फिरवायचा चरक कुठे, हे त्यात बघायला मिळतं.

हे नकाशे आजच्या उपग्रहचित्रावर बसवताना किनारा धरू नका. दक्षिणेकडची क्राऊस लगून (किनाऱ्यालगतचं खाऱ्या पाण्याचं उथळ तळं) तेलशुद्धीकरण आणि अ‍ॅल्युमिना कारखान्यांसाठी 1960 च्या दशकात भरून काढली, तिथली जुनी किनाररेषाच आता उरलेली नाही. क्रिश्चनस्टेड आणि फ्रेडरिकस्टेड या बेटावरच्या दोन गावांतले किल्ले धरा, सेंटरलाईन धरा आणि पवनचक्क्यांचे दगडी बुरूज धरा. वरून बघितलं की झाडीत एक गोल, मध्ये पोकळ, बांगडीसारखा ठिपका दिसतो, तो बुरूज. व्हिम मळ्यावर आता संग्रहालय आहे, तिथली चक्की नीट उभी आहे. पहिला सराव तिच्यावर करा.

नकाशाने जागा कळेल, माणसं कळणार नाहीत. माणसांसाठी कागद लागतात, आणि ते आहेत. डेन्मार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने 2017 मध्ये या बेटांची सुमारे 50 लाख पानं स्कॅन करून सगळ्यांसाठी मोफत खुली केली. त्यात जमीनकराच्या वार्षिक याद्या आहेत: क्वार्टर, तुकड्याचा नंबर, मालक, उसाखाली किती एकर, मळ्यावर गुलाम किती. आपल्या सातबाऱ्यासारखंच एक एक वर्ष मागे जाता येतं. 1792 ते 1803 ही वर्षं सावकाश वाचा. डेन्मार्कने गुलामांच्या व्यापारावर बंदी 1792 मध्ये जाहीर केली, पण ती लागू केली 1803 पासून, आणि मधल्या काळात आणखी माणसं विकत घ्यायला मळेवाल्यांना सरकारनेच कर्ज दिलं. ओक्सहोल्मचा नकाशा नेमका याच काळातला आहे. त्यातल्या प्रत्येक चक्कीशेजारी यादीतला माणसांचा आकडा लिहून बघा. मी लिहिला, आणि त्यानंतर तो नकाशा मला कधी नुसता नकाशा वाटला नाही.

तुमच्यासाठी सगळ्यात मोलाच्या आहेत 1841 आणि 1846 च्या खानेसुमाऱ्या. त्यात गुलामांची नावं आहेत, मळ्यावार, वय आणि धर्मासकट. 3 जुलै 1848 ला गुलामगिरी संपली, तेव्हा या दोन याद्या त्याच्या अगदी उंबरठ्यावरच्या. 1848 नंतरही माणसं वर्षाच्या कराराने मळ्यांना बांधलेलीच राहिली आणि 1 ऑक्टोबर 1878 ला भडका उडाला. ‘फायरबर्न’ म्हणतात त्याला. 50 च्या आसपास मळे जळाले, त्यामुळे नंतरच्या नकाशात एखादं आवार गायब दिसलं तर आधी ही तारीख आठवा.

जाता जाता: घरात कुणी हिंदुस्थानी पूर्वजाचा उल्लेख करत असेल तर तो उडवून लावू नका. 1863 मध्ये ‘मार्स’ जहाजाने तीनशेहून जास्त मजूर कलकत्त्याहून याच बेटावर आले होते. बहुतेक 1868 मध्ये परतले, सगळे नाही.

आता जावयांना एवढंच विचारा: घराणं कुठल्या चर्चचं? मोरावियन (एक प्रोटेस्टंट पंथ) असेल तर त्यांच्या मिशनपैकी कुठलं: फ्रीडेन्सथाल, फ्रीडेन्सबर्ग की फ्रीडेन्सफेल्ड? मळ्यावरची माणसं सहसा जवळच्या मिशनला जायची, त्यामुळे चार ‘होप’पैकी दोन-तीन तिथेच गळतील. उत्तर मिळालं की खाली लिहा, 1846 ची पानं आपण सोबत बघू.