अख्खा अध्याय वाच

प्रिय लेकरा,

प्रभूमध्ये सलाम.

परवा उपासना सुटल्यावर तू फाटकापाशीच गाडी लावून उभा राहिलास, आत आला नाहीस. "काका, आता मी बसू कुठं?" एवढंच म्हणालास. इकडे आपल्या जुन्या मंडळीचे पाळकसाहेब म्हणतात, त्या नव्या फेलोशिपच्या प्रार्थना सभेत कीबोर्ड वाजवशील तर मंडळीच्या रजिस्टरातून नाव कमी करू. तिकडचे पास्टर म्हणतात, लहानपणचा बाप्तिस्मा चालत नाही, पुन्हा पाण्यात उतर. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. तीन रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितो.

कुठं बसायचं ते मी सांगणार नाही. एकच सांगतो. कोणीही वचन दाखवलं, की अख्खा अध्याय वाच. मग तो झगा घालणारा असो की माइक धरणारा.

यवतमाळचं सेमिनरी, पाळक घडवणारं विद्यालय, १९८३ ला पुण्याला गेलं. त्याआधी तिथले विद्यार्थी रविवारी आपल्या गावाकडे यायचे. त्यातल्या एकानं मला आंब्याखाली बसवून हे शिकवलं होतं. मी मान डोलावली आणि विसरलो. त्याची किंमत माझ्या धाकट्या भावानं भरली.

१९९४ ची गोष्ट. तो दुसऱ्या गावच्या नव्या प्रार्थना सभेत जायला लागला, तिथं त्यानं परत बाप्तिस्मा घेतला. मी पंचमंडळीचा सेक्रेटरी. सभेत उभा राहून मी वाचलं, "त्यांच्यामधून निघा व वेगळे व्हा." बायबलातलं करिंथकरांस दुसरं पत्र, सहावा अध्याय, सतरावं वचन. मग रजिस्टर उघडलं आणि पट्टी ठेवून त्याच्या नावावर लाल रेघ मारली. शाई ओली होती, पान मिटताना समोरच्या पानावर उमटली. त्या पानावर आईचं नाव होतं.

आईच्या मातीला तो आला, कब्रस्तानच्या तारेबाहेर उभा राहिला. आम्ही कोणी आत ये म्हटलं नाही.

तो अध्याय मी पुरा वाचला तो नंतर, कितीतरी वर्षांनी. त्यात पत्र लिहिणारा प्रेषित पौल अविश्वासी लोकांबद्दल बोलतो, भावाबद्दल नाही. आणि त्या वचनाच्या जरा वरच तो करिंथकरांना विनवतो, आमचं अंतःकरण मोठं झालं आहे, तुम्हीही मोठं करा. माझ्या बोटाच्या चार वचनं वर! दिसलं नाही, कारण पाहायचं नव्हतं.

ठराव एकट्याचा नव्हता, सगळ्या पंचांच्या सह्या आहेत. आणि त्या वर्षी आठ घरं जायच्या बेतात होती, मंडळी फुटली असती. हे मी आजही म्हणतो. पण रेघ माझ्या हातची आहे.

आता तिकडचं. फेलोशिपच्या टिनाच्या शेडवर यिर्मया २९:११ चं फ्लेक्स लागलंय. देवाचे संकल्प हिताचे आहेत, अगदी खरं. पण दहावं वचन वाच ना बावा! बाबेलच्या बंदिवासात सत्तर वर्षं काढावी लागतील, असं त्यात लिहिलंय. घरं बांधा, बागा लावा, खोट्या संदेष्ट्यांचं ऐकू नका, हेही त्याच पत्रात आहे. तुझ्या बाबांनी बोंडअळीच्या वर्षी, सोसायटीचं कर्ज डोक्यावर असताना, कापसाच्या चुकाऱ्यातून 'विश्वासाचं बी' म्हणून पैसे दिले, तेव्हा त्यांना मलाखी ३:१० दाखवलं होतं, दशमांश आणा म्हणजे देव आशीर्वाद ओतेल, ते वचन. त्याच्या पाच वचनं आधी देव मजुराची मजुरी दाबणाऱ्यांवर आणि विधवेला छळणाऱ्यांवर उठतो, ते कोणी दाखवलं? मला याचा राग येतो, लपवत नाही.

पण नवं म्हणजे खोटं, असं आपले पंच म्हणतात तेव्हाही वाईट वाटतं. ज्या नारायण वामन टिळकांची भजनं आपण पेटी-तबल्यावर गातो, ते १९१७ मध्ये मिशन सोडून निघाले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' नावाचा बंधुसंघ काढला. तेव्हा तेही नवंच होतं. त्याच्या कितीतरी आधी, ख्रिस्ती होण्यापूर्वी, नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत त्यांना कोणी नवा करार दिला, आणि डोंगरावरच्या प्रवचनाचे अध्याय वाचता वाचता ते खिळून गेले. वचन नाही रे, अध्याय! केडगावला १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनातल्या मुली रडत, न शिकलेल्या अन्य भाषांत प्रार्थना करत होत्या. आणि त्याच रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकून बायबल मराठीत आणत बसल्या, १९२२ मध्ये डोळे मिटेपर्यंत. अश्रूही होते, व्याकरणही होतं.

बाप्तिस्म्याचं विचारलंस. २९ नोव्हेंबर १९७० ला आपल्या नागपुरातच सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. बाळपणीचा आणि समजत्या वयातला, दोन्ही बाप्तिस्मे मान्य करून माणसं प्रभूच्या मेजाशी एकत्र बसली. मग आपल्या दीडशे उंबऱ्यांच्या गावात त्यावरून नावं का कापायची? तू पाण्यात उतरायचं ठरवलंस तर आधी रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय वाच, बाप्तिस्म्याचा अर्थ त्यात आहे, पुरा वाच. आणि पास्टरच्या घाईनं नाही, पाळकसाहेबांच्या रागानंही नाही.

बिरुया गावच्या लोकांनी तर पौलाचं बोलणंही शास्त्रात तपासून पाहिलं, प्रेषितांची कृत्ये १७ मध्ये आहे. तू मला तपासायला का भितोस?

शनिवारी वेचणी आटोपली की घरी ये. मलाखीचे चारच अध्याय आहेत, चहा गार व्हायच्या आत होतात. तुझ्या पास्टरांनाही आण. माझ्या धाकट्या भावालाही फोन केलाय, तो येईन म्हणाला. आला तर तुला त्याच्या शेजारी बसवतो.

तुझा,
काका