पेढ्यांच्या खोक्याच्या तळाशी राहिलेलं पत्र

“लेकाला घराबाहेर काढलं तर बिल कमी होईल का गं?”

काकूंनी खुर्चीत नीट टेकायच्या आधीच हे विचारलं. व्हीलचेअर दाराशी अडकली होती, त्यांचा मुलगा ती मागून सोडवत होता, आणि त्याला ऐकू जाऊ नये म्हणून त्या अगदी हळू बोलल्या. त्याला ऐकू गेलंच. मान खाली घालून तो म्हणाला, “मी मित्राच्या पत्त्यावर नाव लावतो ना, मावशी. राहीन इथंच.”

मी इंग्लंडमधल्या मिडलँड्स भागातल्या एका सल्ला केंद्रात आठवड्यातून दोन दिवस बसते. कागदोपत्री माझं काम बेनिफिट्स, म्हणजे सरकारी भत्ते, आणि कर्ज यांबद्दल सल्ला देण्याचं. प्रत्यक्षात निम्मा वेळ माणसाला आधी श्वास घेऊ देण्यात जातो. काकूंना आणि त्यांच्या मुलाला विचारूनच हे लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पण त्यांचा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. “बेनिफिट बदललं आणि काउन्सिल टॅक्सचं बिल आलं. आमचं काय चुकलं?” हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलं आहे की आता पहिले तीन शब्द कानावर पडले की हात आपोआप पाण्याच्या ग्लासाकडे जातो.

मुलाला मी आधी एवढंच सांगितलं की राहायचं इथं आणि नाव तिथं, याला फसवणूक म्हणतात आणि त्यात आईच अडकेल. मग कागद मागितले.

काकू मूळच्या साताऱ्याच्या. कागद कंदी पेढ्यांच्या जुन्या खोक्यात. वय सत्तावन्न, नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, आमवातानं हातापायांचे सांधे आखडलेले. हाउसिंग असोसिएशनचं, म्हणजे ना-नफा संस्थेनं भाड्यानं दिलेलं, दोन मजली घर. चोवीस वर्षांचा मुलगा वेअरहाउसमध्ये रात्रपाळी करतो. बरीच वर्षं त्यांना उत्पन्नावर आधारित ईएसए मिळत होता, म्हणजे आजारपणामुळे काम करता न येणाऱ्यांचा भत्ता. भाड्यासाठी हाउसिंग बेनिफिट होता. काउन्सिल टॅक्स? शून्य. तो भरायचा असतो हेच त्या विसरून गेल्या होत्या.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी: काउन्सिल म्हणजे इथली नगरपालिका, आणि काउन्सिल टॅक्स ही आपल्याकडच्या घरपट्टीची चुलत बहीण. फरक असा की ती सहसा घरमालकावर नाही, राहणाऱ्यावर बसते, म्हणजे भाडेकरूवरही. १९९१ च्या एप्रिलमध्ये घराची किंमत काय असती त्यावरून घराला ए ते एच यांतला एक बँड मिळतो आणि त्यावर बिल ठरतं. उत्पन्न कमी असेल तर काउन्सिल टॅक्स रिडक्शन नावाची सूट मागता येते.

ऑक्टोबरमध्ये काकूंना मायग्रेशन नोटीस आली. ईएसए बंद होणार, तीन महिन्यांत युनिव्हर्सल क्रेडिटचा, म्हणजे जुन्या भत्त्यांच्या जागी आलेल्या एकत्रित भत्त्याचा, अर्ज करा. मुलानं मोबाइलवरून नोव्हेंबरात अर्ज केला, सगळं वेळेत, अगदी नीट. भाडंही आता युनिव्हर्सल क्रेडिटमधूनच येणार होतं. पहिले पैसे यायला पाच आठवडे लागले, पण आले. दोघांनाही वाटलं, सुटलो.

डिसेंबरच्या मध्याला काउन्सिलचं पाकीट आलं. १७ नोव्हेंबर ते ३१ मार्च, ७१९ पौंड.

इथं लोक हमखास फसतात, आणि यात त्यांचा दोष नाही. पूर्वी हाउसिंग बेनिफिटचा अर्ज काउन्सिलकडेच जायचा आणि त्याच फॉर्मवर काउन्सिल टॅक्सची सूटही मागितली जायची. युनिव्हर्सल क्रेडिट मात्र केंद्र सरकारचं खातं देतं, आणि त्यात काउन्सिल टॅक्सला एक पैसाही नसतो. ती सूट काउन्सिलकडे वेगळी मागावी लागते. ईएसए संपला, हाउसिंग बेनिफिट संपला, या काउन्सिलनं त्याबरोबर सूटही बंद केली आणि संगणकानं उरलेल्या वर्षाचं बिल छापलं. दोन्ही खाती एकाच माणसाबद्दल माहिती ठेवतात, पण एकमेकांशी बोलणं म्हणजे भाऊबंदकीतल्या दोन घरांसारखं. वाईट बातमी तेवढी लगेच पोचते.

मुलानं त्याच रात्री ऑनलाइन फॉर्म भरला. जानेवारीत नवा निर्णय आला: सूट मंजूर, १७ नोव्हेंबरपासून धरली, आता भरायचे ३३७ पौंड. पत्राच्या दुसऱ्या पानावर एक ओळ होती, की घरात राहणाऱ्या दुसऱ्या प्रौढ व्यक्तीमुळे सूट दर आठवड्याला १० पौंडांनी कमी. काकूंचा “लेकाला काढू का” इथून उगवला होता.

मला ती ओळ खटकली. कमावता मुलगा घरात असला की सूट कापली जाते हे खरं. त्यानं आईच्या टॅक्सला हातभार लावावा असं गृहीत धरतात. पण आईला पिपचा डेली लिव्हिंग भाग मिळत असेल तर ही कपात करायची नाही, हा जुन्या राष्ट्रीय योजनेतला नियम बहुतेक काउन्सिलांनी तसाच ठेवला आहे, याही काउन्सिलनं. (पिप म्हणजे अपंगत्वामुळे रोजच्या जगण्यात येणाऱ्या जादा खर्चासाठीचा भत्ता. त्याला उत्पन्नाची अट नसते.) व्हीलचेअरवरच्या, हाताच्या मुठी न वळणाऱ्या बाईला पिप नाही?

“काकू, तुम्हाला पिप मिळतो ना?”

काकू खोक्याकडे बघत राहिल्या. मुलगा आईकडे.

“मिळतो,” शेवटी त्या म्हणाल्या. “पण ते फॉर्मवर लिहू नको म्हटलं मी याला. जास्तीचे पैसे दाखवले की बिल वाढवतात.”

मला हसू आलं नाही. हे शहाणपण कुठून आलं ते मला चांगलं ठाऊक आहे. उत्पन्नाचा आकडा जरा वर गेला की पिवळं रेशनकार्ड केशरी होतं, केशरीचं पांढरं. म्हणून तहसीलच्या दाखल्यावर आकडा जपून लिहायचा. माझ्या आईनंही हेच केलं असतं. पण इथं ते उलटं पडतं. बहुतेक काउन्सिल पिप उत्पन्नात धरत नाहीत, युनिव्हर्सल क्रेडिटच्या हिशोबातही तो धरला जात नाही. पिपचं पत्र हे पैसे दाखवणारं पत्र नाहीच. ते घरातली बाकीची दारं उघडणारी किल्ली आहे. कपात टळते त्यानं, अपंगांसाठीच्या वाढीव सवलतीत नाव लागतं त्यानं. मी हे गेली काही वर्षं सांगते आहे आणि तरी दर महिन्याला कुणीतरी ते पत्र लपवून येतं.

पत्र खोक्याच्या तळाशी होतं, पेढ्यांच्या बटर पेपरखाली.

आम्ही तिथंच काउन्सिलला लिहिलं: पिपच्या पत्राची प्रत, युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातलं विवरण, आणि कपात पहिल्या दिवसापासून काढावी ही विनंती. काउन्सिलनं नाही म्हटलं असतं, किंवा दोन महिन्यांत उत्तरच दिलं नसतं, तर व्हॅल्युएशन ट्रायब्यूनलकडे, म्हणजे अशा तक्रारी ऐकणाऱ्या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे, जाता आलं असतं, तिथं फी नसते. तशी वेळ आली नाही. तीन आठवड्यांत कपात गेली आणि बिल १४४ पौंडांवर आलं.

“शून्य का नाही?” काकूंचा पुढचा प्रश्न. रास्त होता.

२०१३ पर्यंत ब्रिटनभर एकच काउन्सिल टॅक्स बेनिफिट होता. त्या वर्षी एप्रिलमध्ये तो रद्द झाला. इंग्लंडमध्ये प्रत्येक काउन्सिलला सांगितलं गेलं की कामाच्या वयाच्या लोकांसाठी तुमची योजना तुम्ही करा, आणि त्यासाठीचा पैसा दहा टक्के कापून हातात दिला. पेन्शनच्या वयाच्या लोकांचं संरक्षण मात्र देशपातळीवरच ठेवलं, त्यामुळे सगळी कात्री उरलेल्यांवर चालली. आज इंग्लंडमध्ये तीनशेच्या आसपास काउन्सिलांच्या तेवढ्याच योजना आहेत. नदीच्या अलीकडे अपंग व्यक्तीला पूर्ण सूट, पलीकडे प्रत्येकानं किमान वीस टक्के भरायचेच. काकूंच्या काउन्सिलमध्ये जुन्या ईएसएवाल्यांना पूर्ण सूट होती, पण युनिव्हर्सल क्रेडिटवाल्यांची वेगळी, उत्पन्नाच्या पायऱ्यांची पद्धत; काकू ज्या पायरीवर बसल्या तिथं सूट ऐंशी टक्के. बाईचं दुखणं तेच, घर तेच, हातात येणारे पैसे जवळपास तेवढेच, फक्त भत्त्याचं नाव बदललं. मला विचाराल तर हा अन्याय आहे. पण कायद्यात बसणारा अन्याय आहे, आणि माझं काम काकूंना भांडायला कुठं जागा आहे ते शोधण्याचं होतं.

मुलगा आईचं बरंच करतो हे दिसत होतं. घरातला माणूस आठवड्याला किमान ३५ तास काळजी घेत असेल, तो नवरा किंवा बायको नसेल, आणि आईला पिपचा तो भाग मिळत असेल, तर टॅक्ससाठी त्याला मोजत नाहीत, म्हणजे घरात आई एकटीच धरली जाते, आणि बिलात पंचवीस टक्के सवलत मिळते. तो नोकरी करत असला तरी चालतं. मी त्याला कागद दिला, म्हटलं, मोज. अंघोळ, जेवण, औषधं, उठवणं-बसवणं. त्यानं बोटांवर मोजलं, परत मोजलं आणि म्हणाला, “वीस-बावीस होतात, मावशी. सकाळी एक बाई येते ना.” पस्तीस लिहिणं सोपं होतं. त्यानं लिहिलं नाही, मीही सुचवलं नाही.

मग माझी चूक. पहिल्या भेटीत मी सगळं लक्ष कागदांवर ठेवलं, घराबद्दल विचारलंच नाही. दुसऱ्या भेटीत काकू सहज बोलून गेल्या, “वरचं बाथरूम त्याचं, खालचं माझं. जिना कुठं चढवतोय मला.” मी पेन खाली ठेवलं. खालचं बाथरूम त्यांच्या आजारपणामुळे मुद्दाम करून घेतलेलं होतं. अपंग व्यक्तीला लागतं म्हणून घरात दुसरं बाथरूम किंवा स्वयंपाकघर असेल, मुख्यतः तिच्याच वापराची एखादी खोली असेल, किंवा घरात व्हीलचेअर फिरवायला जागा लागत असेल, तर बिल एक बँड खालचं लावतात. यालाही उत्पन्नाची अट नाही. घर आधीच सगळ्यात खालच्या ए बँडमध्ये असलं तरी एक षष्ठांश कमी होतं.

इतकी वर्षं हे कुणी सांगितलं कसं नाही, असं मुलानं चिडून विचारलं. कारण साधं होतं. बिल शून्य असताना बँड सी असो की बी, कुणाला फरक पडत होता? पूर्ण सूट होती तोवर बाकीच्या सवलती झाकलेल्या राहिल्या. म्हणून जुना भत्ता जाऊन नवा आलेल्या प्रत्येकाला मी आता बाथरूमं विचारते. लोक विचित्र नजरेनं बघतात.

काउन्सिलचा माणूस घर बघून गेला. वर्षाचं १,९४४ चं बिल बी बँडप्रमाणे १,७०१ झालं आणि काकूंचे १४४ उतरून १२६ वर आले. ७१९ पासून १२६. उरलेल्यासाठी हलाखीचं कारण देऊन खास सूट मागता येते. काउन्सिलला तो अधिकार १९९२ च्या कायद्यानं आहे. मी फॉर्म काढला तर काकूंनी हात वर केला. “राहू दे. एवढे भरते. महिन्याचे महिन्याला.” मी फार आग्रह केला नाही. हप्ते बांधून घेतले, आणि मुलाला बजावलं की हप्ता चुकला तर आठवणीचं पत्र येतं, सात दिवसांत भरलं नाही तर पुढं अख्ख्या वर्षाची बाकी एकदम मागतात, मग मॅजिस्ट्रेटचं समन्स आणि वर त्याचा खर्च. पाकीट न उघडता ठेवणं हा या देशातला सगळ्यात महागडा उद्योग आहे.

हे छापायला देण्याआधी दोन गोष्टी सांगायच्या राहिल्यात. किल्ली उलटीही फिरते. फेरतपासणीत पिप गेला तर त्याच्या आधारानं मिळालेलं बाकीचंही डळमळतं: कपात परत येते, काळजी घेणाऱ्याची सवलत जाते. डिमेन्शिया, गंभीर स्ट्रोक किंवा मतिमंदत्व असलेल्या माणसाला टॅक्समधून वगळतात, तिथं डॉक्टरच्या दाखल्याबरोबर असा एखादा भत्ता लागतो, तोही मुद्दा उभा राहतो. म्हणून पिपच्या निर्णयाविरुद्ध दाद मागताना काउन्सिललाही कळवून ठेवा. आणि दुसरं, वर्क व्हिसावर आलेल्या आपल्या लोकांसाठी: व्हिसावर सार्वजनिक निधी न घेण्याची अट असेल तर काउन्सिल टॅक्स रिडक्शन मागू नका, ते त्या निधीत मोडतं. अपंगत्वामुळे मिळणारा खालचा बँड किंवा एकट्या राहणाऱ्याची सवलत मात्र मोडत नाही. पुण्याहून आलेल्या एका जोडप्यानं भीतीपोटी खालचा बँडही मागितला नव्हता. मुलगी सेरेब्रल पाल्सीची, घरात व्हीलचेअर.

एप्रिलमध्ये नवं आर्थिक वर्ष, भत्त्यांचे नवे दर, त्यामुळे नवा हिशोब. काकूंना एका आठवड्यात तीन बिलं आली, तिन्ही वेगळी. या वेळी घाबरण्याऐवजी त्यांनी तिन्हींचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले आणि खाली लिहिलं, “पहिल्यात पिप धरला नाही, दुसऱ्यात बँड चुकलाय. तिसरं बघ गं जरा.”

तिसरं बरोबर होतं.